खिरापत कोण फोडतं?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याच्या मापात त्याचा अंगठा बुडालेला असतो. शिंप्याने उरलेलं कापड परत दिलं नाही, तर त्याच्या पोरीचं झबलं शिवून झालेलं असतं. आणि कोणी फार गोड बोलायला लागलं की त्याला काहीतरी पाहिजे असतं. नवरा म्हणायचा, "तुले पोलिसात घ्याले पाहिजे होतं." घेतलं असतं तर बरंच झालं असतं. त्या वर्षी भुलाबाईच्या महिन्यात मी जो तपास केला, तो निदान पगारावर केला असता.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नवरा दारूगोळ्याच्या फॅक्टरीत लागला होता आणि आम्हाला जवाहरनगरला क्वार्टर मिळालं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण, घरात नळ. माझे सासू-सासरे वैनगंगेवर जाळं टाकायचे. माझं माहेर एकोडीकडचं, तिथल्या तलावात माझे बाबा मासोळी धरायचे आणि शिंगाडे लावायचे. महिन्याच्या महिन्याला पगार येणं हे आमच्या दोन्ही घरांत पहिल्यांदाच घडत होतं. मोठी पोरगी आठ वर्षांची, तिसरीत. धाकटी तीनची, दिवसभर पदर धरून फिरणारी.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक नागपूरकडच्या बाई राहायच्या. त्यांचा नवरा ऑफिसात, आणि पोरगी माझ्या मोठीच्याच वर्गात. रविवारी मी मासोळी तळायला घेतली की पलीकडची खिडकी धाडकन बंद व्हायची. मी पण काही कमी नव्हते. खिडकी वाजली की मी फोडणीत लसणाच्या दोन पाकळ्या जास्त टाकायची. तोंडावर मात्र आम्ही दोघी "काय जी, झाला का स्वयंपाक?" असं हसून बोलायचो.

भाद्रपदाची पुनव झाली की पोरी भुलाबाई बसवायच्या. मातीची भुलाबाई, शेजारी तिचा भुलोजी. आमच्या ओळीतल्या सात घरांची मिळून एकच जोडी होती. पोरी पाटावर ठेवून ती रोज एका घरी न्यायच्या. दिवेलागणीला गोल बसून टाळ्या वाजवत गाणी म्हणायची आणि मग खिरापत. ज्यांच्याकडे भुलाबाई नसते त्यांना सांगते, ही खिरापत म्हणजे नुसता प्रसाद नाही. ती बंद डब्यात येते. पोरी डबा कानाशी धरून हलवतात, गोड का तिखट विचारतात, आणि आत काय आहे ते ओळखतात. ओळखलं तर ठीक. नाही ओळखलं तर सगळ्यांनी हात वर करून "हरलो!" म्हणायचं, मगच झाकण उघडतं. ज्या घरी पोरी हरल्या, त्या घरच्या बाईची गोष्ट दुसऱ्या दिवशी ओळभर होते. काय केलं होतं, कसं केलं, आम्हाला पण शिकवा.

मला ते पाहिजे होतं. खोटं कशाला बोलू? वर्ष झालं होतं तिथे राहायला येऊन, आणि साधी साखर मागायलाही आमच्या दारात कोणी येत नव्हतं. एकदा तरी या ओळीतल्या पोरी माझ्या डब्यापुढे हराव्यात आणि एखादी बाई दारात येऊन म्हणावी, "काय जी, काय केलं होतं काल?" माझं मागणं तेवढंच होतं.

पहिल्या पाळीला मी जवसाचे लाडू केले. डबा आणून ठेवला. भिंतीपलीकडची पोरगी डबा हातातही न घेता म्हणाली, "लाडू. जवसाचे."

आता जवसाचे लाडू काही कोणाला सुचत नाहीत असं नाही. पण न हलवता? गोड का तिखट न विचारता? माझ्या मनात पाल चुकचुकली. माझी मोठी मात्र टाळ्या वाजवत होती. "ओळखली, ओळखली!" आणि पोरींनी लाडू भराभर संपवले.

त्या गेल्यावर मी तिला धरलं. "अवं, आपली खिरापत ओळखली त्याईनं. तू काहून खुश होऊन राहिली?"

"मस्त झाले होते लाडू," ती म्हणाली आणि पळाली. लेकरू आहे, तिला हारजीत काय कळते, असं मी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या पाळीपर्यंत माझी खात्री पटली होती की हे काम भिंतीपलीकडचं. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या खिडकीपासून हातभर. जवस भाजले की वास जाणारच. म्हणून मी खिडकी लावली, फटीत फडकं कोंबलं, आणि भर दुपारी, ती झोपलेली असताना, कोहळ्याची, म्हणजे लाल भोपळ्याची, गोड बोंडं तळली. धुराने डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धाकटी खोकत होती, पण मी खिडकी उघडली नाही. बोंडांच्या चारी बाजूंनी जुनं पातळ कोंबून डबा असा भरला की आत काही हलायचं नाव घेणार नाही.

"कोहळ्याचे बोंडं!" डबा जमिनीला टेकायच्या आधी तिघी एकदम ओरडल्या.

बाप रे बाप! आता वासही नाही आणि आवाजही नाही. म्हणजे कोणीतरी सांगतंय. कोणीतरी घरातलंच.

घरात सांगण्यासारखं माणूस म्हणजे नवरा. त्याचं फॅक्टरीतलं काम काय, हे मला वर्ष उलटून गेलं तरी माहीत नव्हतं. गेटवर माचिस-बिडी काढून ठेवायची, अंग चाचपून घ्यायचं, आणि आतलं बाहेर बोलायचं नाही. मी विचारलं की तो म्हणे, "काम करतो." बस. तर हा माणूस त्या दिवशी जेवायला बसला आणि मी ताट समोर आदळलं.

"अजी, फॅक्टरीत काय बनवता ते बायकोले सांगत नाही, अन् बायको काय बनवते ते ड्यूटीच्या बसमधल्या साऱ्याईले सांगता?"

त्याने घास तसाच धरला. "काय सांगतलं मी?"

"बोंडाचं."

"कोनते बोंडं? मले तर एक पन नाही भेटलं!"

ते खरं होतं. त्याच्यासाठी ठेवायला मी विसरले होते. पण चोर पकडला गेला की आधी असाच भोळा होतो, म्हणून मी त्याला यादीतून काढलं नाही.

मग मी पडद्याआडून शेजारणीवर डोळा ठेवायला लागले. ती वाळत घालायच्या दोरीशी उगाच जास्त वेळ थांबते असं मला दिसायला लागलं. एकदा आमच्या अंगणाकडे पाहून तिने आपल्या पोरीला काहीतरी सांगितलं आणि पोरीने मान हलवली. मी लगेच दुसऱ्या दिवशी तिला भिंतीवरून कढीपत्ता द्यायचा बंद केला. "झाडाले कीड लागली जी," म्हटलं. झाड चांगलं हिरवंगार होतं आणि तिला ते तिच्या खिडकीतून दिसत होतं.

तिसरी पाळी नवरात्रात आली. शेजारीण नऊ दिवस उपाशी, शिंगाड्याच्या पिठाचा शिरा आणि थालीपीठ यावर होती. मी मुद्दाम भिंतीशी जाऊन मोठ्याने म्हटलं, "आज चकल्या करतो बाई खिरापतीले." आणि केली साळीच्या लाह्यांची, गुळाची चिक्की. संध्याकाळी पोरी चकल्या म्हणाल्या की चोर सापडला.

"लाह्याची चिक्की!"

माझी मोठी पुन्हा सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला. मी तिच्याकडे डोळे वटारले, तर तिचं लक्षच नव्हतं. ती एकेका पोरीच्या हातावर चिक्की ठेवत होती आणि ती तोंडात जाईपर्यंत तिथेच उभी राहत होती.

म्हणजे शेजारीण नाही. मला खरं सांगायचं तर वाईटच वाटलं. इतक्या दिवसांचा संशय, असा हातचा जातो म्हणजे काय!

दसरा झाला, सोनं वाटून झालं. आमच्या ओळीतल्या दोन घरांत आम्हाला "बसा" म्हणाले, चौघांनी दारातूनच सोनं घेतलं. ते मी त्या वेळी मनावर घेतलं नाही. माझ्या डोक्यात चौथी पाळी होती. कोजागिरीच्या आधीची शेवटची.

त्या दिवशी सकाळच्या एसटीने माझे बाबा आले. खांद्यावर पोतडी, तिच्यात ओले शिंगाडे. आदल्या दिवशी डोंग्यात, त्यांच्या छोट्या होडीत, बसून काढलेले. काट्यांनी त्यांच्या बोटांना बारीक चिरा पडलेल्या असत, त्या या दिवसांत कधी भरत नसत. "नातीच्या भुलाबाईले आनले," म्हणाले. मी उकडले, त्यांनी माझ्याबरोबर बसून सोलले. त्यांची बोटं काळी झाली, माझीही झाली. दुपारच्या एसटीने ते परत गेले, कारण तलावावर राखण नव्हती.

मी ते शिंगाडे पाट्यावर वाटले, गूळ आणि तूप घालून आटवले आणि थाळीत थापून वड्या पाडल्या. रंग जरा काळसर आला, पण चव! एक तुकडा तोंडात टाकला आणि मी स्वतःवरच खुश झाले. पिठाचा शिरा सगळ्यांना माहीत होता. ओल्या शिंगाड्याच्या वड्या आमच्या ओळीत कोणी पाहिल्याही नसतील. ही खिरापत ओळखणं कोणाच्या बापाला जमणार नव्हतं. फक्त ती फुटायला नको.

आणि इथे माझ्यातला पोलीस जागा झाला. मी प्रत्येकाला वेगळं सांगायचं ठरवलं. जे नाव पोरींच्या तोंडून निघेल, त्यावरून माणूस कळेल. नवरा ड्यूटीवर जाताना त्याला सांगितलं, अनारसे. शेजारणीला दोरीवरचे कपडे काढताना सांगितलं, तिळाची वडी. शाळेतून मोठी आली, दप्तर टाकलं, आणि दर पाळीसारखं गळ्यात पडून तिने विचारलं, "माय, आज काय हाये? मले सांग ना. मी कोनाले नाही सांगत."

तिच्यावर माझा संशय नव्हता. देवाशपथ नव्हता. पण तिचं तोंड उघडं, कोणासमोर बोलून गेली तर सगळा डाव फसायचा. मी म्हटलं, "पोह्याचा चिवडा."

"चिवडाच ना? तिखट का साधा?"

"साधा. तुले कायले एवढं पाहिजे?"

"असंच," म्हणाली आणि पोरींना बोलवायला गेली.

दिवेलागणीला सगळ्या आल्या. गाणी झाली. धाकटी माझ्या मांडीवर बसून टाळ्या मारत होती. माझं लक्ष गाण्यात कुठलं? मी एकेकीचं तोंड न्याहाळत होते. डबा आणून मध्ये ठेवला.

"चिवडा!" सगळ्या एका सुरात ओरडल्या. "पोह्याचा चिवडा!"

मी म्हटलं, "चूक!"

काय सांगू, तो एक शब्द म्हणताना माझा ऊर असा भरून आला. महिनाभर वाट पाहिली होती मी त्या शब्दाची. "चूक! आखीन सांगा."

पोरी एकमेकींकडे पाहायला लागल्या. मग माझ्या मोठीकडे. कोणी दुसरं नाव घेतलं नाही. कोणी डबा हलवला नाही. "हरल्या का मग? म्हना, हरलो!" मी म्हटलं. दोघी-तिघी हळूच म्हणाल्या. मी झाकण उघडलं आणि डबा पुढे केला.

एकीचाही हात आला नाही.

भिंतीपलीकडची पोरगी गुडघ्यांवर जरा पुढे झुकली आणि लांबूनच तिने वास घेतला. "काकू, हे काय हाये? काळं दिसते."

"शिंगाड्याच्या वड्या. घे ना."

"आमाले तर चिवडा सांगतला होता," ती म्हणाली. माझ्यावर चिडून नाही. माझ्या पोरीवर चिडून. "तू म्हने चिवडा हाये म्हनून. माहीत नसन तर खायचं नाही म्हनते आई. तुमच्या घरच्या तेलात मासोळी तळली राहते."

तेव्हा मला कळलं. चिवडा मी एकाच माणसाला सांगितला होता.

माझी मोठी मध्ये येऊन बसली. तिने डब्यातली एक वडी उचलली आणि तोंडात कोंबली. "पाहा. गोड हाये. मासोळी नाही याच्यात." तोंडातली गिळली नव्हती तोच दुसरी घेतली. "तेल पन नाही. तूप हाये. पाहा ना." तिसरी घेतली. तिचे गाल भरले होते आणि तोंडाच्या कडेने चुरा सांडत होता. पोरी बघत होत्या. "माझ्या आबानं आनले शिंगाडे. पाहा ना वं, एक तर खा."

"आमचं पोट भरलं," एक म्हणाली. मग सगळ्यांचंच भरलं. त्यांनी भुलाबाई उचलली, भुलोजी उचलला आणि पाट घेऊन गेल्या.

मला त्या पोरींना ओरडायचं होतं. ज्या शिंगाड्यावर तुमच्या आयांचे नऊ दिवसांचे उपास निघाले, तो तलावातून काढतं कोण ते विचारा त्यांना, असं म्हणायचं होतं. पिठाची पुडी दुकानातून आणली की देवाला चालते, आणि शिंगाडे काढणाऱ्याच्या लेकीने वडी केली की नाक मुरडता? पण त्या आठ-आठ वर्षांच्या पोरी होत्या आणि मी एक शब्द बोलले नाही. नंतर बोलायला पाहिजे होतं, त्यांच्या आयांशी. तेही झालं नाही. त्याचा राग मला अजून येतो, आणि जास्त राग माझाच येतो.

मोठी रडली नाही. मीच डोळे पुसत होते. मी विचारलं, "तूच सांगत होती का वं, सुरुवातीपासून?"

"हव."

"कायले?"

तिने हात फ्रॉकला पुसले. "पहिल्या बारीले त्या येतच नव्हत्या आपल्या घरी. मंग मी म्हटलं, मी आधी सांगतो काय हाये ते, तेल नवीन हाये ते पन, मंग तर याल? त्या हव म्हनल्या. मी सांगत जायची, त्या ओळखल्यासारखं करायच्या." मग म्हणाली, "अन् तुले वाटे की त्या खरंच ओळखतात."

महिनाभर मी भिंती, खिडक्या, दोऱ्या, ड्यूटीची बस, सगळ्यांवर संशय घेत होते. आणि माझी आठ वर्षांची पोरगी शाळेत, शाळेच्या वाटेवर, माझ्या हातचं खाणं त्या पोरींना पटवून देत होती. शेजारणीवरचा संशय खोटा नव्हता, फक्त गुन्हा मी भलताच धरला होता. त्या वड्या आम्ही चौघांनी दोन दिवस खाल्ल्या. नवरा म्हणाला, फार मस्त झाल्या. त्याला मी काही सांगितलं नाही. आतलं बाहेर न बोलणं तेव्हा मीही शिकले.

कोजागिरीला सगळ्या घरांच्या खिरापती एकत्र असतात. मी खोबऱ्याच्या करंज्या केल्या, पांढऱ्याशुभ्र, पाहताक्षणी कळतील अशा. दुपारी मोठीला जवळ बसवलं आणि म्हटलं, "करंज्या हायेत. खोबऱ्याच्या. सांग जाऊन त्याईले."

ती लगेच उठली नाही.

"खरंच ना, माय?"

"खरंच."

"शपथ?"

"शपथ. तुपात तळल्या. कढई पन नवीन घेतली."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग डबा पुढे ओढला, झाकण काढलं, एक करंजी उचलून नाकाशी नेली आणि डोळे मिटून तिचा वास घेतला. मग म्हणाली, "बरं, सांगतो," आणि चपला घालून गेली.